रोज कॅल्शियमची गोळी, तरी दुसऱ्यांदा स्ट्रेस फ्रॅक्चर: १९ वर्षांच्या धावपटूची केस

आधीच सांगून ठेवते, ही केस एकाच मुलीची जशीच्या तशी नाही. एकसारख्या काही केसेस असतात त्यांचे तपशील मिसळून एक केलीये, उगाच कोणाची ओळख पटायला नको. आकडे मात्र अशा मुलींच्या फाईलमध्ये जसे दिसतात तसेच ठेवलेत. मी फिजिओ आहे त्यामुळे माझ्याकडे सगळं दुखण्यापासून सुरू होतं, खाणं आणि पाळी हे विषय नंतर निघतात, आणि खरं तर ते आधी निघायला हवेत.

मुलगी १९ वर्षांची, लांब पल्ल्याची धावपटू, ५००० आणि १०००० मीटर. उंची १६२ सेंमी, वजन ५० किलो म्हणजे बीएमआय १९, एकदम नॉर्मल. आठवड्याला साधारण ८० किमी रनिंग. तक्रार एकच, डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला खाली दुखतंय. सुरुवातीला पळायला लागल्यावर दुखायचं आणि अंग गरम झालं की जायचं, मग जाईनासं झालं, आणि आता जिना उतरताना पण कळ येते. शिन स्प्लिंट (पळून पळून नडगीच्या कडेला येणारं दुखणं) असेल म्हणून बर्फ लावून झाला, टेप लावून झाली, नवे बूट घेऊन झाले.

शिन स्प्लिंटमध्ये नडगीच्या कडेने बराच मोठा पट्टा दुखतो. हिच्या नडगीवर मी अंगठ्याने दाबत दाबत खाली आले तर वरचा सगळा भाग ओके, आणि मग एका ठिकाणी, अंगठ्याच्या टोकाएवढ्या जागेत, तिने पाय झटकन ओढूनच घेतला. त्याच पायावर एक उडी मार म्हटलं तर टाच पण उचलेना. एक्सरे क्लीन होता, तो पहिले दोन-तीन आठवडे बहुतेक वेळा क्लीनच येतो आणि लोक तिथेच फसतात. एमआरआय केला तर टिबियामध्ये, म्हणजे नडगीच्या हाडात, आतून सूज, ग्रेड ३ स्ट्रेस इंज्युरी, म्हणजे वारंवारच्या दणक्यांनी हाडाला झालेली इजा, स्ट्रेस फ्रॅक्चरचाच प्रकार.

आता एवढ्यावर थांबलं असतं तर सहा-आठ आठवडे आराम सांगून केस बंद. पण फाईलमध्ये मागे अजून एक कागद होता, १४ महिन्यांपूर्वी उजव्या पायाच्या पंजातलं दुसरं मेटाटार्सल (बोटामागचं लांब हाड), तेही स्ट्रेस फ्रॅक्चर. तेव्हा आराम झाला, कॅल्शियमच्या गोळ्या सुरू झाल्या, रोज ५०० मिग्रॅ, त्या आजतागायत चालू आहेत, आणि बरं वाटल्यावर पोरगी परत त्याच प्लॅनवर. आई म्हणाली, "अहो रोज दूध घेते, गोळी घेते, एक दिवस चुकत नाही, तरी हाडं कशी काय मोडतात हो?" प्रश्न अगदी बरोबर होता. मोजलं तर जेवणातून जवळजवळ ६०० आणि गोळीतून ५००, म्हणजे दिवसाला ११०० मिग्रॅ कॅल्शियम. तिच्या वयाला १००० सांगतात. कॅल्शियम कमी नव्हतंच.

मग पाळीबद्दल विचारलं. पहिली पाळी १४ व्या वर्षी, दोन-तीन वर्षं ठीकठाक, १७ व्या वर्षी ट्रेनिंग वाढलं आणि त्याच सुमारास "क्लीन इटिंग" सुरू झालं, साखर बंद, तळलेलं बंद, मग तेल-तूप जवळजवळ बंद, मग रात्रीचे कार्ब्स बंद. पाळी आधी ४०-४५ दिवसांवर गेली आणि गेल्या १० महिन्यांत स्वतःहून एकदाही आलेली नाही. मध्ये तीन महिने कोणीतरी हॉर्मोनच्या गोळ्या दिल्या होत्या, तेवढे तीन महिने "आली", म्हणून घरच्यांना वाटलं प्रॉब्लेम सुटला. ट्रॅकवर तर तिला सांगितलं गेलं होतं की पाळी गेली म्हणजे बॉडी रेस-फिट झाली, सगळ्या टॉपच्या मुलींचं असंच असतं. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग पण येत नाही, पण जो कोणी ते १७ वर्षांच्या मुलीला सांगतो त्याने एकदा तिचा हाडांचा रिपोर्ट बघावा.

रिपोर्टमध्ये काय होतं ते सांगते. प्रेग्नन्सी टेस्ट निगेटिव्ह (पाळी थांबली की ही आधी करतात, लाजायचं काही कारण नाही), टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं हॉर्मोन) आणि प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हॉर्मोन) नॉर्मल, एलएच आणि एफएसएच (अंडाशयाला चालना देणारी हॉर्मोन्स) खालच्या बाजूला, इस्ट्रोजेन कमी, थायरॉईडचा टी३ कमी. व्हिटॅमिन डी १७, २० च्या खाली म्हणजे डेफिशियन्सी. फेरिटिन ९, लोहाचा साठा संपत आलेला. रक्तातलं कॅल्शियम ९.३, नॉर्मल, आणि ते बघून पण लोक निर्धास्त होतात, पण रक्तातलं कॅल्शियम शरीर काहीही करून एका पातळीवर धरून ठेवतं, कमी पडलं तर हाडातून काढून घेतं, त्यामुळे त्या आकड्यावरून हाडांचं काहीही कळत नाही.

डेक्सा स्कॅनमध्ये (हाडांची घनता मोजणारी तपासणी) कमरेच्या मणक्यांचा झेड स्कोअर उणे १.९, खुब्याचा उणे ०.९. मशीनने वर टी स्कोअर पण छापला होता आणि बाजूला "ऑस्टिओपेनिया" म्हणजे हाडं विरळ, ते वाचून तिने रात्रभर नेटवर शोधून स्वतःला म्हातारी ठरवून टाकलं होतं. टी स्कोअर पाळी कायमची बंद झालेल्या बायकांसाठी आहे, या वयात झेड बघायचा, म्हणजे त्याच वयाच्या मुलींशी तुलना. उणे २ किंवा त्याखाली गेला तर वयाच्या मानाने कमी. मग उणे १.९ काठावर पास का? नाही. धावणाऱ्या मुलीची हाडं चारचौघींपेक्षा जास्त दणकट असायला हवीत, म्हणून वजन पेलणाऱ्या खेळातल्या मुलींमध्ये उणे १ च्या खालीच लाल दिवा लावतात, त्यात पाळी गेलेली आणि दोन फ्रॅक्चर झालेली असतील तर विषयच संपला.

मणका जास्त खराब आणि खुबा त्या मानाने बरा, असं का, तर मणक्यात जाळीदार हाड जास्त असतं, त्याची मोडतोड आणि बांधणी भराभर चालते, इस्ट्रोजेन कमी झालं की पहिला फटका तिथे. खुब्याला रनिंगच्या दणक्यांचा थोडा आधार मिळतो. बार्बरा ड्रिंकवॉटर आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्येच दाखवलं होतं की पाळी थांबलेल्या पंचविशीच्या आसपासच्या खेळाडूंच्या मणक्यांची घनता पन्नाशीच्या बायकांएवढी निघाली, मनगटाच्या हाडात मात्र फरक नव्हता. चाळीस वर्षं झाली या गोष्टीला.

आता मुख्य हिशोब. तिला सांगितलं, चार दिवस जे खाशील ते सगळं लिही, मला आवडायला पाहिजे म्हणून लिहू नकोस. डायरी आली. सकाळी ६ वाजता उपाशीपोटी १४ किमी, आल्यावर ब्लॅक कॉफी, ९.३० ला दोन अंड्यांचं पांढरं आणि फळ, मग थेट २ वाजता जेवण, तेही अर्ध्याहून जास्त सॅलड, संध्याकाळी जिम, जिमनंतर दूध, रात्री सूप आणि भाज्या. तिच्या दृष्टीने हे आदर्श डाएट होतं आणि फोटो काढून टाकावं असं दिसायचं पण. सरासरी १६०० कॅलरी.

रनिंगला ढोबळ मानाने किलोमागे, किलोमीटरमागे १ कॅलरी धरतात. ५० किलो, आठवड्याला ८० किमी, म्हणजे ४००० कॅलरी, दिवसाला ५७०. जिम धरलंच नाही. १६०० मधून ५७० वजा, उरल्या १०३०. स्कॅनप्रमाणे चरबी सोडून तिचं वजन ४२ किलो. १०३० भागिले ४२ म्हणजे किलोमागे साडेचोवीस कॅलरी. खेळून झाल्यावर शरीराला बाकी सगळ्या कामासाठी उरलेली ही ऊर्जा. ४५ च्या आसपास असली तर छान, ३० च्या खाली गेली की गडबड सुरू होते. ३० ही काही लक्ष्मणरेषा नाही, कोणाचं ३५ ला बिनसतं तर कोणाचं २८ ला पण चालतं, पण साडेचोवीस आणि ते महिनोन्‌महिने म्हणजे शंका नको.

घरात पैसे कमी पडायला लागले की आधी डागडुजी आणि रंगकाम थांबतं, किराणा आणि लाईटबिल चालूच राहतं, तसंच शरीर करतं. हृदय, मेंदू, पळणं चालू राहतं, पाळी आणि हाडांची बांधणी थांबते. मेंदूतून एलएचचे जे ठोके सुटतात ते विरळ होतात, अंडाशय थंड पडतं, इस्ट्रोजेन खाली. इस्ट्रोजेन हाड खाणाऱ्या पेशींना लगाम घालतं, तो लगाम सुटतो. वर टी३ आणि आयजीएफ-१ (वाढीला चालना देणारं हॉर्मोन) कमी झाल्याने हाड बांधणाऱ्या पेशी पण मंद. म्हणजे दोन्हीकडून मार. आणि वेळ किती लागतो? ॲन लाउक्स यांच्या प्रयोगांत पाळी नियमित असलेल्या तरुण बायकांची उपलब्ध ऊर्जा फक्त पाच दिवस कमी ठेवली, तर ३० च्या खाली एलएचचे ठोके बिघडले आणि हाड बांधणीच्या खुणा पण पाच दिवसांतच घसरल्या. त्यांच्याच आधीच्या कामात अजून एक गोष्ट दिसली होती जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, तेवढाच व्यायाम करून खाणं भरून दिलं तर एलएच बिघडत नव्हता. दोष पळण्याचा नाही, पळून झाल्यावर जे ताटात आलं नाही त्याचा आहे. घरच्यांना हे पटवायला वेळ लागला कारण त्यांचा पहिला विचार होता रनिंगच बंद करून टाकू.

अजून एक, बीएमआय १९ असताना हे सगळं झालं. शरीर खर्च कापून वजन टिकवतं, त्यामुळे वजनकाटा शांत असतो आणि सगळ्यांना वाटतं पोरगी खातेय व्यवस्थित. उपासमार म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर हाडांचा सापळा येतो, ही तर गालावर लाली असलेली, स्पर्धा जिंकणारी मुलगी होती. १९९२ मध्ये याला फीमेल ॲथलीट ट्रायड (खाणं, पाळी आणि हाडं या तिन्हींच्या बिघाडाचं त्रिकूट) असं नाव मिळालं, २०१४ मध्ये ऑलिंपिक समितीने व्याप्ती वाढवून रेड-एस (खेळाडूंमधली ऊर्जेची कमतरता) म्हणायला सुरुवात केली, पण चाचणी अजूनही तीच स्वस्तातली, पाळी कधी आली होती हे विचारणं.

उपचारात पहिले आठ आठवडे रनिंग बंद, त्यातले सुरुवातीचे तीन वॉकिंग बूट. आणि इथेच पहिला घोळ, तिने आपणहून खाणं अजून कमी केलं कारण "पळत नाहीये तर कशाला". साहजिक आहे, पण मोडलेलं हाड जोडायला पण ऊर्जा लागते. स्पोर्ट्स न्यूट्रिशनिस्टने एकदम २४०० चा चार्ट हातात दिला नाही, दिला असता तर तो ड्रॉवरमध्ये गेला असता. आधी फक्त ३०० कॅलरी वाढवल्या आणि त्या पण मोकळ्या वेळी नाही तर जिथे खड्डा होता तिथे: सकाळी उठल्यावर काहीतरी पिठूळ, व्यायामानंतर अर्ध्या तासात कार्ब्स आणि प्रोटीन एकत्र, अंड्याचं पिवळं परत ताटात, रात्री कार्ब्स परत. दिवसभराची बेरीज बरोबर असली तरी सहा-सात तासांची पोकळी शरीराला कळते. मग तीन-चार आठवड्यांनी अजून ३००. प्रोटीन किलोमागे १.४ ग्रॅमच्या आसपास. सॅलडचा ढीग कमी केला, इतक्या फायबरने पोट भरायचं आणि कॅलरी काहीच जायच्या नाहीत.

कॅल्शियमची गोळी बंद केली. दूध, दही, चीज, हाडासकट खायचे छोटे मासे, तीळ यातूनच हजार-बाराशे जमलं. पालकावर तिचा फार भरवसा होता, पण त्यातल्या ऑक्सलेटमुळे पालकातलं कॅल्शियम जेमतेम ५ टक्के शोषलं जातं, दुधातलं ३० टक्क्यांच्या घरात. पालक खा, पण हिशोबात धरू नका. व्हिटॅमिन डी आणि लोह डॉक्टरांनी दिलं. हे बिनकामाचं असतं असं माझं म्हणणं नाही हां, अमेरिकन नेव्हीच्या महिला रिक्रूट्सवर २००८ साली आलेल्या अभ्यासात कॅल्शियम आणि डी दिलेल्या गटात स्ट्रेस फ्रॅक्चर २० टक्क्यांनी कमी झाले होते. पण ऊर्जाच नसेल तर नुसतं कॅल्शियम घेऊन करणार काय.

हॉर्मोनच्या गोळ्या परत द्या असा घरच्यांचा आग्रह होता. डॉक्टरांनी नाही सांगितलं. गर्भनिरोधक गोळीने जो रक्तस्राव येतो तो गोळीचा असतो, अंडाशय जागं झाल्याचा पुरावा नसतो, उलट खरी खूण झाकली जाते. तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन यकृतातून जाताना आयजीएफ-१ कमी करतं, त्यामुळे हाडांना अपेक्षित फायदा होत नाही. एंडोक्राइन सोसायटीच्या २०१७ च्या गाइडलाइनमध्येही फक्त पाळी आणायला किंवा हाडं वाढवायला ही गोळी देऊ नका असंच आहे. खाणं सुधारूनही बरेच महिने पाळी आली नाही तर त्वचेवर लावायचा इस्ट्रोजेन पॅच थोड्या काळासाठी विचारात घेतात. तिला ती वेळ आली नाही. काउन्सेलर मात्र लागली, कारण वजन एक किलो वाढलं तेव्हा तिला रडू फुटलं होतं, आणि तिथे फिजिओने शहाणपण शिकवून भागत नाही.

व्यायामाकडे येते, माझा प्रांत. लोकांना वाटतं रोज इतकं पळणारीची हाडं लोखंडी असणार. पण हाडाला एकाच दिशेचा, एकसारखा, हजारो वेळा येणारा दणका फार काही शिकवत नाही. रुबिन आणि लॅनियन यांनी १९८४ मध्ये कोंबड्याच्या पंखातल्या हाडावर दिवसाला मोजून भार दिला तर ३६ वेळा दिल्यावर जेवढी वाढ झाली तेवढीच शेकडो वेळा देऊन झाली. पुढे उंदरांवरच्या कामात दिसलं की वीसेक दणक्यांनंतर हाडातल्या पेशी जवळजवळ प्रतिसाद देणं थांबवतात आणि काही तास विश्रांती मिळाली की परत जाग्या होतात. म्हणजे थोडंसं, जोरात, वेगवेगळ्या दिशेने आणि मध्ये गॅप. म्हणूनच पोहणाऱ्या आणि सायकलवाल्या मुली कितीही फिट असल्या तरी हाडांत मागे पडतात आणि जिम्नॅस्ट पाळी अनियमित असूनही पुढे असतात.

तर सहाव्या आठवड्यापासून, चालताना दुखत नाही हे बघून, आठवड्यातून दोनदा स्क्वॉट, डेडलिफ्ट, काफ रेज, वजन हळूहळू चढवत. नवव्या आठवड्यात दाबून दुखत नाही, एका पायावर उडी मारून दुखत नाही, मगच उड्या सुरू. दोन्ही पायांवर १०, मग जरा थांबून परत १०, पुढे, बाजूला, तिरकं, आणि दुसरा सेट संध्याकाळी. तिला हे फारच कमी वाटायचं, "एवढंच?" असं दर वेळी. रनिंग एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल असं करत चौथ्या महिन्यात सलग ५ किमी. एक अट होती, आठवड्याचे किमी वाढले की त्याच आठवड्यात खाणं वाढलं पाहिजे, नाहीतर किमी नाही वाढणार.

पाचव्या महिन्यापर्यंत वजन ३ किलो वाढलं. सातव्या महिन्यात पाळी आली, मग दीड महिन्याने, मग ३४ दिवसांनी. टी३ त्याच्या कितीतरी आधी सुधारला होता. क्रम असाच असतो, ऊर्जेची बाजू दिवसा-आठवड्यांत, पाळी महिन्यांत, हाडं वर्षांत. डेक्सा मुद्दाम वर्षाने केला कारण त्याआधीचा फरक मशीनच्या चुकीतच हरवतो. मणका उणे १.९ वरून उणे १.६, खुबा उणे ०.६. घरच्यांना वाटलं होतं शून्यावर येईल. नाही येणार कदाचित. मुलींच्या हाडांचा ९० टक्क्यांच्या आसपास साठा १८ व्या वर्षापर्यंत भरून होतो, हिची १७ ते १९ ही वर्षं नेमकी हातची गेली, त्यातलं किती परत मिळेल हे पुढची पाच-सहा वर्षं ठरवतील. हाड घट्ट करणारी बिस्फॉस्फोनेटसारखी औषधं या वयात सहसा टाळतात, ती हाडात वर्षानुवर्षं राहतात आणि पुढे गरोदरपण असतं.

सध्या ती आठवड्याला ५५ किमी पळते, १०००० मीटर सोडून १५०० आणि ५००० करते, ट्रेनिंगच्या वहीत किमीच्या शेजारीच पाळीची तारीख लिहिते, आणि दोन महिने चुकली तर मला आणि डॉक्टरांना कळवायचं ठरलंय.

शेवटच्या भेटीत आईने धाकटीचा विषय काढला, वय १२, रोज दीड तास स्विमिंग, पाळी अजून सुरू नाही. तिला आतापासून कॅल्शियम सुरू करू का? माझ्या मते या घरातला हाच सगळ्यात कामाचा प्रश्न होता. मुलींमध्ये हाडात खनिज भरण्याचा वेग साडेबारा वर्षांच्या आसपास सर्वात जास्त असतो, उंची झपाट्याने वाढून गेल्यावर काही महिन्यांनी, आणि त्या दोन वर्षांत मोठेपणीच्या साठ्यापैकी जवळजवळ पाव भाग भरला जातो. टेनिस खेळणाऱ्या मुलींच्या दोन हातांची तुलना केली तर पाळी सुरू व्हायच्या आधी किंवा त्या सुमाराला खेळायला लागलेल्यांच्या खेळत्या हाताचं हाड, उशिरा सुरू केलेल्यांपेक्षा दुप्पट ते चौपट जास्त फरक दाखवतं. म्हणून धाकटीला सांगितलं, पोहणं चालू ठेव, पण पाण्यात उतरायच्या आधी १० मिनिटं दोरीवरच्या उड्या, आठवड्यातून दोन दिवस बॉलचा कुठलाही खेळ ज्यात धावणं, थांबणं, वळणं येतं, प्रॅक्टिसनंतर लगेच खाणं, आणि कॅल्शियम या वयात १३०० मिग्रॅ लागतं ते जेवणातूनच. १५ वर्षं पूर्ण होऊनही पाळी सुरू झाली नाही तर वाट न बघता डॉक्टरकडे. आणि पोहण्याचा ड्रेस घातला की घरात कोणीही तिच्या वजनावर एक शब्द बोलायचा नाही, हे आईला वेगळं, जरा कडक आवाजात सांगितलं.